डोळ्याला हात नको

आमच्या मीनावहिनी जेवायला असल्या की वाढणारा पातेलं घेऊन दारातच अडायचा. मीठ कमी का, भाकरी जाड का, असलं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच असायचा. "कोंबडी कुठून आली?"

माझ्या मेव्हण्याने एकदा नव्या गाडीची पार्टी दिली. वहिनींनी विचारलं. मेव्हणा स्वतःला विनोदी समजतो. "पातेल्यातून!" म्हणाला. सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "आणि पातेल्याच्या आधी?" मग मेव्हण्याने खाटकाला फोन लावला, खाटकाने पोल्ट्रीवाल्याला लावला, आणि पत्ता पक्का होईपर्यंत रश्श्यावरची तर्री थिजली. पत्ता मिळाल्यावर वहिनींनी तोच रस्सा पुन्हा उकळायला लावला आणि वाटीवर वाटी प्यायल्या. नीट शिजलेल्या कोंबडीशी त्यांचं वैर नव्हतंच. ती कुठली, आणि तिच्या शेजारणी कशा आहेत, एवढं त्यांना कळायला हवं असायचं. "माझ्या लग्नात मुलीची एवढी चौकशी कोणी केली नव्हती," असं मी म्हणालो, तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या ताटातला लेगपीस शांतपणे उचलून वहिनींना वाढला.

वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. सरकारी पशुवैद्यक. जनावरांच्या, पक्ष्यांच्या रोगांचा तपास हे त्यांचं काम. दादा निवृत्त होऊन नातवाला सांभाळायला लेकीकडे बंगळुरूला गेला होता. वहिनींची नोकरी थोडी उरली होती म्हणून त्या नाशकातच होत्या, आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये, आणि संध्याकाळी जेवायला आमच्याकडे. दारातून आल्या की आधी बाथरूम, कोपरापर्यंत साबण, आणि मगच आमच्याशी बोलणं. पाहुणे म्हणत, किती सोवळ्याच्या आहेत तुमच्या वहिनी. मी म्हणे, आहेत खऱ्या, पण देव वेगळा आहे.

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. समोरच्याने डोळा चोळला की त्या त्याच्या मनगटावर चापटी मारत. "डोळ्याला हात नको." लहान-मोठा बघत नसत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर मी तावातावाने बोलत होतो, डोळ्यात काहीतरी गेलं, हात वर गेला, आणि चेअरमनसकट सगळ्यांसमोर चापटी बसली. पन्नाशीचा माणूस. मुद्दा काय होता तेही विसरलो. टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे.

एकदा जेवताना मीच विचारलं. विचारलं म्हणजे जरा खवचटपणे. "वहिनी, पक्ष्यांचा रोग आपल्याला होतोच कसा? आपल्याला काय पिसं आहेत?"

त्यांनी घास खाली ठेवला. "हे बघा भावजी. पेशीच्या अंगावर साखरेचे अगदी बारीक तंतू असतात. फ्लूच्या विषाणूला आत शिरायचं तर आधी त्या तंतूचं टोक पकडावं लागतं. पक्ष्यांच्या आतड्यात ते टोक असं असतं." त्यांनी तर्जनी ताठ केली. "आपल्या नाकात, घशात असं." तर्जनी वाकवली. "पक्ष्यांच्या विषाणूची मूठ ताठ बोटाच्या मापाची आहे. वाकड्यावरून ती निसटते."

"मग झालं की! आपण वाचलो."

"आपल्यातही ताठ बोटं आहेत. फुप्फुसात, पार खोल. आणि इथे." त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे दाखवलं, हात न लावता. "म्हणून कोंबड्यांत वावरणाऱ्याचे आधी डोळे लाल होतात."

"आणि तो शहाणा वाकडं बोट धरायला शिकला तर?"

"शहाणा कुठला? त्याला अक्कलच नाही. तो स्वतःच्या नकला काढतो, भराभर, आणि नकला काढताना चुका करतो. बहुतेक चुका फुकट जातात. एखाद-दुसरी अशी बसते की मुठीचं माप बदलतं. मग तो माणसाच्या घशात ठाण मांडतो, शिंकेतून बाहेर पडतो, या माणसातून त्या माणसात. मग कोंबडी कुठून आली हे विचारून काही उपयोग नाही." त्यांनी घास पुन्हा उचलला. "माणसात राहून चुका करायला त्याला वेळ मिळू द्यायचा नाही. माझी नोकरी एवढीच आहे."

त्यानंतर बरेच दिवस मी आंघोळ करताना स्वतःची तर्जनी वाकवून बघत असे. सुनंदाला वाटलं संधिवात सुरू झाला.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तिथे काशिनाथ नावाचा सहकारी आहे. त्याचा पाडा हरसूलच्या पुढे, डोंगरात. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो कापडाने झाकलेली टोपली घेऊन माझ्या गाडीशी आला. आत गावठी कोंबडी. "साहेब, आईनं दिली. तुमच्याकडं राहू द्या." मला वाटलं, खा असं तोंडावर कसं म्हणायचं म्हणून बोलायची रीत असेल. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात वाटण भाजून ठेवलं होतं.

टोपली गॅलरीत ठेवली. वहिनी हात धुऊन आल्या तेव्हा मी विजयी मुद्रेने म्हणालो, "आज विचारायच्या आधीच सांगतो. कोंबडी हरसूलकडची, ओळखीच्या घरची, आणि अजून जिवंत!"

वहिनी बघायला गॅलरीत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मी डोकावलो. त्या टोपलीपासून चार हात लांब उभ्या होत्या. कोंबडी मान टाकून बसली होती. तुरा लाल नव्हता, जांभळट काळा पडला होता.

"सुनंदा," त्या न वळता म्हणाल्या, "हिला कोणी हात लावला?"

"मी पाणी ठेवलं, ताई. उचलून नीट बसवलं जरा."

"हात धुतलेस?"

"धुतले की."

"कधी?"

सुनंदाने चिरलेल्या कांद्याकडे पाहिलं. "आधी कांदा चिरायला घेतला... मग धुतले."

"कांदा चिरताना डोळे पुसलेस?"

"आठवत नाही हो ताई," सुनंदा म्हणाली. वहिनी तेव्हा वळल्या, आणि ज्या बाईला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं तिचा चेहरा मी पाहिला.

कोंबडी सकाळपर्यंत टिकली नाही. तिचे नमुने गेले, आणि नको ते उत्तर आलं. सुनंदाला एका खोलीत बसवलं, फ्लूच्या गोळ्या सुरू झाल्या, घशातून आणि डोळ्यातून कापसाचे बोळे फिरवून नेले. रोज सकाळी दारात उभं राहून टॉर्चने तिचे डोळे बघायचं काम माझ्याकडे होतं. लग्न झाल्यापासून मी तिच्या डोळ्यांत इतक्यांदा पाहिलं नव्हतं. "काय दिसतं?" ती विचारायची. "पांढरं," मी म्हणायचो. "एवढंच?" आतून उशी यायची. डोळे पांढरेच राहिले. तपासणीतही काही सापडलं नाही.

पण काशिनाथच्या पाड्यावर पांढरे पोशाख घातलेलं सरकारी पथक जाऊन आलं होतं, ते हात हलवत परतलं. पाडा एका सुरात म्हणाला: मेल्या, पुरल्या, संपलं. काशिनाथ माझ्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहिला तेव्हा खरी गोष्ट कळली.

त्यांच्याकडे मानमोडी नावाचा कोंबड्यांचा रोग अधूनमधून येतो. तो आला की धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या नात्यागोत्यात वाटून टाकायच्या. मग आपल्या खुराड्यातल्या सगळ्या मेल्या तरी वाण शिल्लक राहतं. रोग ओसरला की ज्याला कोंबडी दिली त्याच्याकडून पिल्लं परत येतात. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. "मानमोडीच समजलो आम्ही, साहेब," तो म्हणाला. "आईनं तुम्हाला नात्यात धरलं म्हणून दिली." मी तिचा रस्सा करणार होतो हे मी त्याला सांगितलं नाही.

म्हणजे माझ्या गॅलरीतली कोंबडी एकटी नव्हती. तिच्या बहिणी डोंगरभर पोचल्या होत्या, आणि कुठे ते कोणी सांगत नव्हतं. पाहुण्याच्या घरी रोग धाडला, हे कोण कबूल करणार? काशिनाथलाही स्वतःच्या घरापलीकडचं माहीत नव्हतं. कोंबड्यांचा कारभार बायकांचा.

वहिनी पुन्हा पाड्यावर जायला निघाल्या. ऑफिसची जीप पथकाबरोबर दुसऱ्या गावात, म्हणून गाडी माझी आणि चालकही मी, वाट दाखवायला शेजारी काशिनाथ. त्र्यंबकेश्वर मागे पडलं आणि मला पहिली शिंक आली. मग दुसरी. मागच्या सीटवरून प्रश्न आला, "कधीपासून?"

"आत्तापासून. धूळ असेल."

एक मास्क माझ्या खांद्यावरून पुढे आला. "पाड्यात गाडीतून उतरायचं नाही."

म्हणून पुढचं सगळं मी ड्रायव्हरच्या सीटवरून, अर्ध्या उघड्या काचेतून पाहिलं. काशिनाथच्या घराचा ओटा गाडीपासून जवळच होता. ओट्यावर त्याची आई, जनाबाई. वहिनी गाऊन, हातमोजे, मास्क आणि मोठा चष्मा चढवून समोर उभ्या. जनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"मेल्या. पुरल्या. झालं. कितींदा सांगू?"

वहिनींनी तो मोठा चष्मा काढला आणि ओट्यावर जनाबाईंच्या शेजारी बसल्या. मास्क तेवढा ठेवला. मी काच आणखी खाली केली.

"मावशी, मी दुसरंच विचारायला आले. यंदा कोणाला कोंबडी द्यायची राहून गेली?"

"राहून गेली?"

"आमच्या भावजींना दिलीत, बरं केलंत. पण ते परके. सख्खे राहिले असतील तर रुसतील ना?"

जनाबाईंची मान झटक्यात वळली. "मी सख्ख्यांना इसरंन? अगं, थोरल्या लेकीला दिली. तिच्या सासूला येगळी दिली, नायतर ती बया वर्सभर टोमणे मारती. धाकट्या भावाला दिली. व्याह्याला तर कोंबडा दिला, कोंबडा!"

"व्याही कुठले?"

"खालच्या पाड्यावरचे. लय मानाचं घर."

पलीकडच्या कुडाआडून शेजारीण ओरडली, "नि मी माझ्या मामीला दिली ते बी सांग! तुझंच काय सांगती?"

"तुझी मामी का माझी नाय? सांगते की!"

आणि मग जी कोंबडी कोणीच कुठे दिली नव्हती, ती घरोघर दिल्याचं त्या दोघी चढाओढीने सांगू लागल्या. वहिनी फक्त म्हणत होत्या, "आणि नणंद? नणंदेला नाही दिली?" पांढऱ्या पोशाखाच्या पथकाला जे कळलं नव्हतं ते एका नणंदेच्या नावाने बाहेर पडत होतं. मी शिंक दाबून धरली होती. ती आली असती तर चढाओढ मोडली असती.

शेजारीण दमून आत गेली. जनाबाईंचा आवाज उतरला. "माझ्या घराची एवढी चौकशी कोन करतं गं? लेकीसारखी हायेस." आणि त्यांनी दोन्ही हात उचलले.

ते हात मला स्पष्ट दिसले. सकाळी त्यांनी उरलेली कोंबडी सोलली असावी. मनगटाला बारीक पांढरं पीस चिकटलं होतं. ते वहिनींनीही पाहिलं. मी काचेवर हात आपटणार होतो. वहिनींनी मला नुसता तळवा दाखवला: थांबा.

कारण जनाबाई बोलत होत्या. वहिनींचा चेहरा ओंजळीत धरून, माया करतात तसा अंगठ्यांनी कपाळ, भुवया, पापण्या कुरवाळत त्या म्हणाल्या, "नि आश्रमशाळेत रांधती ती माझी भाची. तिला दोन दिल्या. पोरांमधी फिरतील म्हनली, पोरांना लय आवडत्यात."

वाक्य संपेपर्यंत वहिनी हलल्या नाहीत. मग त्यांनी ते हात हळूच खाली घेतले, एक क्षण स्वतःच्या हातमोज्यांत धरून ठेवले आणि विचारलं, "कोणती आश्रमशाळा, मावशी?"

त्यानंतर सगळं धावपळीत झालं. वहिनींनी गाडीच्या आडोशाला बाटल्या रित्या होईपर्यंत डोळ्यांवर पाणी मारलं. काशिनाथ रेंज शोधत टेकडीवर पळाला आणि तिथून पथकाला सगळ्या घरांची नावं सांगितली. आश्रमशाळेतल्या दोन्ही कोंबड्या स्वयंपाकघरामागे सापडल्या. एक बसून होती. दुसरीला पोरं भाताची शितं टाकत होती. पोरांची तपासणी, गोळ्या, सगळं त्याच दुपारी सुरू झालं. जनाबाईंचीही. दिलेल्या कोंबड्या एकेका घरातून निघाल्या, काही जिवंत, काही नाही.

मी गाडी वळवून दार उघडलं. वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्याच.

"बसा ना."

"तुमच्या गाडीत नाही."

"अहो, दमलात तुम्ही. एसी लावतो."

"म्हणूनच नाही." त्या दहा पावलं मागे सरकल्या. "भावजी, तुमची सर्दी साधी असेल, नाहीतर माणसांचा फ्लू असेल. बघून मला कळत नाही. माझ्या डोळ्यात आज काय गेलं तेही कळत नाही. दोन्ही एका अंगात आले की पत्त्यांसारखे पिसले जातात. माणसाच्या घशात कसं राहायचं, हे तुमच्या फ्लूला आयतं ठाऊक आहे. माझ्याकडून त्या दोघांची ओळख करून द्यायची नाही."

मी शिंकलो.

नाशिकला टोमॅटो पोचवून रिकाम्या क्रेट घेऊन निघालेला एक पिकअप त्यांनी थांबवायचा प्रयत्न केला, पण तो उलट्या दिशेचा निघाला. मग बऱ्याच वेळाने भाजी घेऊन शहराकडे जाणारा एक मिळाला. चालक म्हणाला, बाई, पुढं बसा. बाई मागच्या उघड्या हौद्यात चढल्या, कडेला पाठ टेकून, वाऱ्याकडे तोंड करून. मी मागून गाडी चालवत होतो. सरकारी अधिकारी, साठीला टेकलेल्या, कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी, केस उडताहेत आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेले. वाटेत डोळ्यांत धूळ जात असणार. हात बाहेर आले नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. "भावजी, उजवा डोळा लाल आहे. मी दवाखान्यात जाते. जिन्यात कोणी येऊ नका, मी उतरेपर्यंत." आम्ही दाराच्या छिद्रातून त्यांना उतरताना पाहिलं. कठड्याला हात न लावता उतरत होत्या.

दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. मी रोज दुपारी डबा खाली देऊन त्या खिडकीखाली उभा राहायचो. माझी सर्दी एव्हाना साधी ठरली होती, तरी त्या मला मास्क नाकावर घ्यायला खुणावत. फोनवर बोलत. डोळा सुजला होता, ताप आला, गेला. त्याबद्दल विचारलं की एका शब्दात उत्तर. मग प्रश्न त्यांचे: आश्रमशाळेतल्या पोरांपैकी कोणी खोकतंय का? जनाबाई गोळ्या घेतात ना? सुनंदाचे डोळे? एकदा मी चिडून म्हणालो, "तुमचं काय ते सांगा ना!"

"माझं काय असणार? डोळ्यात आहे हे मला माहीत आहे. तिथे तो राहू शकतो. घशात राहू शकतो का, ते पुण्याच्या प्रयोगशाळेतून कळेल." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मावशींनी मला धरलं तेव्हा मी मान मागे घ्यायला हवी होती. पोरांचं नाव यायचं होतं, म्हणून नाही घेतली. आता माझ्यात त्याला जागा मिळाली, तर त्या पोरांना मी त्याच्यापासून वाचवलं काय आणि त्याला माणसं शिकवली काय..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आमच्या वहिनी वाक्य अर्धं सोडत नसत.

दादा बंगळुरूहून आला. पुढे दवाखान्यातून तो त्यांना थेट तिकडेच घेऊन गेला. उरलेल्या रजेत नोकरी संपली आणि वरचा फ्लॅट त्याने एकट्यानेच येऊन आवरला. आता वहिनी फोनवर भेटतात. पण मी त्यांना समोर शेवटचं पाहिलं ते त्या खिडकीत, एका भर दुपारी.

मी डबा देऊन वर बघितलं तर त्या आधीच उभ्या होत्या. फोन कानाला. माझा वाजला.

"आलं," त्या म्हणाल्या.

मी मास्क नाकावर ओढला.

"डोळ्यात सापडला. घशात नाही. पुण्यात त्यांनी त्याची जनुकं पूर्ण वाचून काढली. पक्ष्यांचाच आहे, होता तसाच. मुठीचं माप बदललेलं नाही."

"आणि पोरं?"

"सगळ्यांचे घसे साफ. मावशींचाही."

"म्हणजे बरं झालं ना, वहिनी?"

"आज बरं आहे," वहिनी म्हणाल्या.

मग त्या खिडकीतून दिसेनाशा झाल्या. गेल्या नव्हत्या. होत्या तिथेच खाली बसल्या असणार, भिंतीला टेकून, कारण फोनमधून त्यांचा श्वास येत होता, तुटत तुटत. मला समोर फक्त चौकट दिसत होती आणि आतल्या छताचा पंखा. खाली एक शिपाई मला म्हणाला, "काका, इथं थांबू नका." मी त्याला हाताने थोपवलं. फोन मी बंद केला नाही. त्यांनीही केला नाही.